राजाक्काचा पाय

राजाक्का मगदूम आईच्या पोटातून बाहेर आली तीच पाय पुढे करून, आणि पुढे जन्मभर लोकांनी तिच्या डोक्यापेक्षा पायांनाच जास्त मान दिला. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. पायाळूवर वीज पडते असंही मानतात, म्हणून लहानपणी आभाळ नुसतं गुरगुरलं तरी तिला घरात कोंडून घालत. या दोन समजुतींपैकी पहिलीचा तिला अभिमान होता आणि दुसरीचा राग. दोन्ही एकाच पोतडीतून निघालेल्या आहेत, हे तिला कधी सुचलं नाही, आणि कुणी सुचवलं असतं तर तिनं त्याला घराच्या पुढच्या सोप्यातून खाली उतरवलं असतं.

कोल्हापूरपासून तासाभराच्या आत असलेलं हे पैंजणांचं गाव. चांदीच्या तारा आता यंत्रं ओढत होती, कड्या यंत्रं वळवत होती, गिऱ्हाइकाच्या पायाचं माप फोनवरून थेट यंत्रात उतरत होतं. पण घुंगरू बसवायला आणि सांधे जुळवणारा शेवटचा डाग द्यायला अजून माणसाचीच बोटं लागायची, आणि बोटं कामाला लागली की त्यांच्यामागे पाठ वाकायची. अख्खं गाव घरोघरी बैठ्या पाटापुढे वाकलेलं. इथं पाठ दुखते हे कुणी दुखणं म्हणून सांगत नसे. जेवण झालं म्हणावं तसं सांगत.

रविवारी सकाळी राजाक्काच्या सोप्यात माणसं जमायची. एकेकानं चटईवर पालथं पडायचं, डोळे मिटायचे. राजाक्का डावा पाय धुऊन यायची, भिंतीला हात टेकायची आणि कमरेपासून वर सरकत जाऊन तीन ठिकाणी पाय टेकवायची. टेकवायचा, रोवायचा नाही, हा तिचाच नियम. त्या बदल्यात ती कुणाकडून चहासुद्धा घेत नसे. घ्यायची ती एकच गोष्ट, लोकांचं आपल्यापुढं पालथं पडणं. ती मात्र ती मोजून मापून घ्यायची.

तिचा हा थाट घरात एका माणसाला अजिबात खपत नव्हता. ते माणूस म्हणजे तिची सून सानिका. सानिका रोगनिदानाची यंत्रं बनवणारी इंजिनिअर. जिल्ह्यात क्षय हुडकून काढायची जी मोठी मोहीम चालू होती तिच्यात तिची नेमणूक होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं सोप्यातली गर्दी बघून नवऱ्याला, सन्मतीला, विचारलं होतं की हे असलं अजून चालतं का. विचारलं आत, पण आवाज बाहेरपर्यंत गेला. तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं सन्मतीमार्फत व्हायचं. मीठ संपलं हेसुद्धा सन्मतीनं एकीचं ऐकून दुसरीला सांगायचं.

म्हणूनच एका शनिवारी सानिकानं स्वतःच्या हातानं नवी चटई आणून सोप्यात अंथरली तेव्हा राजाक्काला काय बोलावं ते कळेना. जुनी विरली होती, म्हणून आणली, एवढंच सानिका म्हणाली. चटई चांगली जाड, हिरव्या काठाची, अंगाला गार लागणारी. दुसऱ्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला राजाक्कानं सुनेनं चटई आणल्याचं सांगितलं. तिला खरोखर बरं वाटलं होतं. माणूस एकदा बरं वाटून घ्यायला बसला की त्याला काही दिसत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी पद्मा आली.

पद्मा ही राजाक्काची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षांचा अबोला. सासू शेवटच्या आजारात पद्माकडे होती. ती गेली तेव्हा राजाक्का यात्रेला गेलेली. धावतपळत येऊन तिनं मोठ्यानं गळा काढला. त्यावर पद्मा सगळ्या भावकीसमोर म्हणाली होती, "हागणंमुतणं मी काढलं, रडायला थोरली आली." हे वाक्य राजाक्काच्या मनातून एक दिवसही हललं नव्हतं. खोटं असतं तर कदाचित हललं असतं.

पद्मा भिंत धरून पायरी चढली आणि सगळ्यांच्या मागं बसली. महिनेन् महिने मलम झालं होतं, कमरेचा पट्टा झाला होता, गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी अंग कसकसतं, ते दिवसभर पाटावर बसल्यानं, असं तिनं आपलं आपणच ठरवलं होतं. ब्लाउज अंगावर ढगळ झालं होतं. जेवण जात नाही वाटतं, असं राजाक्काच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. तिनं पद्माला मुद्दाम शेवटपर्यंत बसवून ठेवलं. मग ती चटईवर पालथी पडली तेव्हा राजाक्कानं पाय धुतला, भिंतीला हात टेकला, आणि त्या दिवशी टेकवला नाही, रोवला. पद्मा कण्हली. सोस थोडं, असं राजाक्का म्हणाली आणि पुन्हा रोवला.

त्याच आठवड्यात गावातल्या पाच-सहा जणांचे फोन बोलले. सरकारी निरोप आता फोनमधून ज्याच्या त्याच्या बोलीत यायचे. निरोप सगळ्यांना एकच होता. तुमच्या पाठीच्या मणक्यात क्षय असण्याची शक्यता आहे, तालुक्याच्या दवाखान्यात येऊन तपासून घ्या, उशीर करू नका. यातला एकही जण कुठल्या तपासणीला गेलेला नव्हता. तरी सरकारला हे कळलं कुठून, असं कुणी विचारलं नाही. त्या काळात सरकारला सगळंच कुठून ना कुठून कळायचं, आणि विचारून उत्तर मिळायचं नाही.

तालुक्याला जाऊन पाठीचं चित्र काढून आणि सुईनं नमुना घेऊन झाल्यावर जवळजवळ सगळ्यांचं खरं निघालं. पद्माचंही निघालं. मग लोकांनी आपसांत ताडून बघितलं. एकाची चांदी वेगळ्या मालकाची, दुसऱ्याचं पाणी वेगळ्या टाकीचं, तिसरा तर गावात नुकताच आलेला. सगळ्यांत मिळून सारखं असं एकच सापडलं. सगळ्यांच्या पाठीला राजाक्काचा पाय लागला होता.

शेकडो जणांना लागला होता आणि बाकीचे ठणठणीत होते, ही अडचण होती खरी. पण गाव हुशार होतं. एकीनं राजाक्काला नातवाच्या बारशाला बोलावलं नव्हतं. एकाचं नि तिचं नळावरून वाजलं होतं. आणि पद्माचं तर काय, अख्ख्या गल्लीला ठाऊक. राजाक्काचा पाय बाधतो, ज्याच्यावर राग असेल त्यालाच बाधतो, असं ठरलं. पद्मा आपल्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायची, "माझी पाठ खाल्ली तिनं. रागानं पाय दिला."

पुढच्या रविवारी सोप्यात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. देवळात राजाक्का बसली की शेजारच्या बायका उठून दुसऱ्या खांबाकडे जायला लागल्या. शेजारणीनं लहान मुलाला तिच्या पायांत घुटमळताना बघून खसकन ओढून घेतलं. राजाक्काला यावर भांडता आलं असतं. भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण भांडायला तोंड उघडलं की पद्माची पाठ आठवायची. आपण पाय रोवला होता. दोनदा रोवला होता. इतकी वर्षं पायात गुण आहे असं मानणाऱ्या बाईला पायात विष उतरू शकतं हे मानायला कितीसा वेळ लागणार? ती रोज तो डावा पाय उगाच दोन-दोनदा धुवायला लागली.

एका सकाळी तिनं ठरवलं की चटईच धुऊन काढावी. परसात धुण्याच्या दगडावर तिनं ती पसरली आणि बादली उचलली. तेवढ्यात आतून सानिका धावत आली. ती सासूशी कधी अशी धावत येऊन बोललेली नव्हती.

"आई, पाणी नका घालू तिच्यावर."

राजाक्कानं बादली खाली ठेवली. चटईवर पाणी का घालायचं नाही, असं तिनं विचारलं. सानिका इकडंतिकडं बोलून बघायला लागली, पण राजाक्कानं तोवर चटईचा काठ नखानं उसवला होता. आत गवत नव्हतं, काथ्या नव्हता. केसांसारख्या बारीक तारांचं दाट विणकाम होतं.

मग सानिकानं सांगितलं. परसातल्या दगडावर बसून, एखाद्या अडाणी माणसाला सांगावं तसं, आणि तेच राजाक्काला सगळ्यात जास्त लागलं.

मणक्याचा क्षय म्हणजे फुप्फुसातलाच जंतू रक्तातून हाडात जाऊन बसलेला. तिथं तो फार थोड्या संख्येनं असतो, हळूहळू दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी कुरतडत राहतो. खोकला नसतो, थुंकीत काही सापडत नाही, आणि नुसत्या हाडातला असेल तर तो एकाचा दुसऱ्याला सहसा लागतही नाही. दुखतं ते चारचौघांसारखंच दुखतं. साध्या एक्स-रेत दिसेपर्यंत हाडाचा बराच भाग गेलेला असतो. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात लवकर दिसतं, पण ज्या गावात प्रत्येकाची पाठ दुखते तिथं कुणाकुणाला त्या यंत्रात घालायचं? मग एखाद्या दिवशी पोखरलेला मणका बसतो, पाठीला पोक येतो, कण्यातली दोरी दाबली जाते आणि पाय जातात. औषध आहे, पुरं घेतलं तर माणूस बरा होतो, फक्त त्याला वेळेवर हुडकलं पाहिजे.

हुडकायला ही चटई. पाठीवर वरून दाब आला की हाडांतून सूक्ष्म कंप जातो. निरोगी हाडातून तो खणखणीत पलीकडे येतो, पोखरलेल्या हाडातून आणि शेजारी साचलेल्या पुवातून मंद होऊन येतो. चटई तो फरक ओळखते आणि कुणाला पुढे तपासायचं ते सांगते. दवाखान्यात हीच चटई टाकून वर यंत्राचा दांडा लावून बघितला होता. चटई तिथं आंधळी ठरली. यंत्र बघितलं की माणूस पाठ आवळतो, आणि आवळलेल्या स्नायूंमधून काही ऐकू येत नाही. पाठ पुरती सैल पडलेली पाहिजे होती, आणि वरचा दाब प्रत्येक वेळी सारखा पाहिजे होता.

"तुमच्या पायाखाली ती सैल पडायची," सानिका म्हणाली. "आणि तुमचा दाब दर वेळी सारखाच असायचा. अख्ख्या जिल्ह्यात कुठली चटई इतकं स्वच्छ सांगत नव्हती."

लोकांना विचारलं का नाहीस, असं राजाक्कानं विचारलं. विचारलं की पाठ आवळतात, असं सानिकाचं उत्तर. घराची परवानगी घेतली होती, ती सन्मतीनं दिली होती. म्हणजे पोटच्या पोरालाही ठाऊक होतं. सुनेनं चटई आणली म्हणून आपण गावभर सांगत फिरलो, हे तिला आठवलं आणि कानशिलं तापली.

"मग आता सांग गावाला," ती म्हणाली. "चल, चौकात उभी ऱ्हा नि सांग की हिच्या पायात काही न्हाई, माझी चटई व्हती."

सानिका म्हणाली की सांगितलं तर नोकरी जाईल, ते एक वेळ चालेल, पण दुसऱ्या गावांतल्या चटयाही उचलून नेतील. तिथंही माणसं सापडत होती. मग ती थांबली, आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलली. बहुतेक बादलीचा राग होता.

"आणि गावाला सगळंच सांगायचं तर तेही सांगावं लागेल. पद्माकाकूंच्या वेळी तुमचा दाब नेहमीच्या दुप्पट होता. चटईला दोन्ही बाजूंचं कळतं, आई. तो मणका आधीच पोखरलेला होता, तो काही तुम्ही नाही पोखरला. पण त्या दिवशी तो तिथंच बसला असता तर त्यांचे पाय गेले असते. माझा जीव उडाला होता तो आकडा बघून."

राजाक्कानं बादलीतलं पाणी पेरूच्या आळ्यात ओतलं आणि आत निघून गेली. सुनेचा तिला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जे कुणाला दिसलं नव्हतं ते या पोरीच्या चटईनं बघितलं होतं.

त्याच दुपारी सन्मतीनं घाबरत घाबरत पलीकडची बातमी आणली. पद्मानं दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या उघडल्यासुद्धा नव्हत्या. बाधेवर गोळ्या चालत नाहीत, असं तिचं म्हणणं. सीमेपलीकडच्या एका गावात कुणी पायाळू बाप्या होता, तो दोन्ही पायांनी पाठीवर उभा राहून लागलेला पाय उतरवतो म्हणे. उद्या सकाळी गाडी सांगितली होती. सानिका ताटावरून उठली. कुणी पूर्ण वजनानं उभा राहिला तर तो मणका चुरा होईल, असं ती सन्मतीला म्हणाली, आणि सासूकडं बघितलंही नाही. तिनं स्वतः जाऊन पद्माच्या नवऱ्याला, भूपालकाकांना, समजावून बघितलं. राजाक्काची सून म्हणून त्यांनी तिला पायरीही चढू दिली नाही.

रात्रभर राजाक्काला झोप लागली नाही. पद्माचे पाय गेले तर आपल्याला वाईट वाटेल का, हे तिनं स्वतःला खरोखर विचारून बघितलं, आणि वाटेल असं उत्तर आलं तेव्हा तिला त्याचाही राग आला.

सकाळी गाडी दारात लागलेली असताना ती मधली भिंत ओलांडून गेली. पद्मा पलंगावर टेकून बसली होती. भूपाल हातात चपला घेऊन उभे. राजाक्कानं उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. चटई, तारा, कंप, सैल पडलेली पाठ. तिला स्वतःला समजलं होतं तेवढं, आणि सुनेच्या नोकरीची पर्वा न करता सांगितलं. पद्मा शांतपणे ऐकत होती.

"चटईनं सांगितलं?" ती शेवटी म्हणाली. आजवर ती थोरल्या जावेला तोंडावर भांडतानाही अहो-जाहो करायची. आज तिनं तेही सोडलं. "तुझी सून, तुझी चटई. सापडलीस नि आता चटई दाखवतीस व्हय? चल हो बाजूला."

खरं सांगून झालं होतं आणि ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. पद्मा नवऱ्याच्या खांद्याला धरून उठायला लागली. उठताना तिचा एक पाय फरशीवर नीट पडला नाही, जरासा फरफटला. ते राजाक्कानं बघितलं आणि तिच्या तोंडून दुसरं खरं निघालं.

"मी जोर दिला व्हता, पद्मा."

पद्मा थांबली.

"तू माझ्या सोप्यात मागं बसल्यालं बघून मला बरं वाटलं. तुझी पाठ पायाखाली आली तवा मी पाय टेकवला न्हाई. रोवला. त्या भावकीतल्या बोलण्याचा राग काढला."

"ठावं हाय मला," पद्मा म्हणाली. "पाठीला कळतंय."

आता ती ऐकत होती. चटईवर जिचा विश्वास बसला नाही तिचा रागावर लगेच बसला, कारण राग तिच्या ओळखीचा होता. राजाक्कानं तिथंच उभ्या उभ्या एक नियम रचला, जो कुठल्याही पायाळूनं कधी ऐकला नसेल. रागानं दिलेला पाय दुसऱ्याला काढता येत नाही, असं ती म्हणाली. ज्यानं दिला त्यानंच काढायचा. मधेच तिसऱ्याचा पाय पाठीला लागला तर तो कायमचा बसतो. पद्मानं रोज सकाळी तिच्या सोप्यात यायचं, तिच्या डोळ्यांदेखत दवाखान्याच्या गोळ्या गिळायच्या, आणि गोळ्यांची मुदत पुरी झाली की राजाक्का आपला पाय परत घेईल.

"मी लावलंय, मीच काढतो," ती म्हणाली. हे ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. दारात गल्ली जमलेली होती, आणि गल्लीनं ते नीट ऐकलं.

भूपालनी गाडी परत पाठवली.

घरी सानिका वाट बघत होती. पद्मा थांबली म्हणून तिला हायसं वाटलं असेल, पण तसं तिनं दाखवलं नाही. ती पहिल्यांदाच सासूवर थेट ओरडली. बाधा, पाय, हे सगळं खरं आहे असं तुम्ही गावाला स्वतःच्या तोंडानं सांगून आलात, आता पुढच्या कुणाची पाठ दुखली तर तो दवाखान्यात यायच्या ऐवजी कुणी पाय दिला ते शोधत बसेल, असं ती म्हणाली. ते बरोबरच होतं. राजाक्कानं तिला एवढंच विचारलं की न विचारता माणसांच्या पाठी वाचणारीनं दुसऱ्याच्या खोटेपणावर किती बोलावं. सोप्यातली चटई उचलली गेली. पुढे सानिकानं मोहिमेवरच्या वरिष्ठांशी भांडून चटईखाली यंत्र आहे अशी पाटी लावायला लावली, दुसऱ्या गावांत. तिथं लोक पाटी वाचून पाठ आवळायला लागले, आणि सैल पाठ मिळवायचं काम नव्यानं सुरू झालं. ते अजून चालू आहे.

पद्मा मात्र यायला लागली. सकाळी दूधवाला येऊन गेला की पाठीला दवाखान्याचा कडक पट्टा बांधून, भिंत धरत. पाण्याचा तांब्या स्वतःचा आणायची. राजाक्काच्या घरचं पाणी तिला चालत नसे. गोळ्या तळहातावर मांडून दाखवायची, एकेक गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची आणि मग शिव्या द्यायला बसायची. पहिल्या दिवसांत लघवी लाल झाली तर तिनं गल्लीभर बोंब मारली की राजाक्कानं रक्त काढलं. औषधाचा रंग उतरतो तो, असं सानिकानं खिडकीतून सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पोटात ढवळायचं, तोंड कडू पडायचं, सगळ्याचं माप राजाक्काच्या पदरात. राजाक्का समोर खाली मान घालून बसायची. आयुष्यात तिनं कुणापुढं मान खाली घातली नव्हती, आणि रोज सकाळी घालताना तिच्या मानेला त्याची कळ लागायची. पण मान वर केली आणि एक शब्द उलटून बोललो तर ही उद्या यायची नाही, हेही तिला कळत होतं.

सणावारीही खाडा नव्हता. पावसाळा गेला, थंडी गेली. पद्माचं ब्लाउज हळूहळू अंगाला बसायला लागलं. फरफटणारा पाय सरळ पडायला लागला. शिव्यांनाही जोर आला. राजाक्काच्या सोप्यात दुसरं कुणी मात्र परत आलं नाही. देवळात तिच्याभोवतीची जागा रिकामीच राहिली.

वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस पद्मा पट्टा न बांधता आली. दवाखान्यात पुन्हा चित्र काढलं होतं, हाड भरून आलं होतं, गोळ्या बंद. आज राजाक्का पाय परत घेणार म्हणून गल्लीतल्या बायका पायरीपाशी जमल्या होत्या. राजाक्कानं डावा पाय धुतला, जमिनीवर जुनं घोंगडं अंथरलं आणि उभी राहिली. पाय परत कसा घेतात याची तिला काहीच कल्पना नव्हती. पद्मा घोंगड्यावर पडली नाही. ती जवळ आली आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"ऱ्हाऊ दे. मला कवाच कळलंय."

दवाखान्यात पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच तिला खालच्या एका गावची बाई भेटली होती. तिलाही असाच न तपासता निरोप आला होता. ती बाई राजाक्काला ओळखत नव्हती. ती एका मालीशवाल्याकडे जायची. त्याच्याकडेही हिरव्या काठाची नवी चटई आली होती. पद्मा काही खुळी नव्हती.

राजाक्कानं विचारलं, "मग वरीसभर येत का ऱ्हायलीस?"

"गोळ्या तर घ्यायच्याच व्हत्या. घरात घेतल्या असत्या." पद्मानं पदर नीट केला. "तू मान खाली घालून बसायचीस, ते बघायला येत व्हतो."

"आणि गल्लीला सांगणार हाईस का चटईचं?"

"मी कशाला सांगू? रागानं पाय दिलास, ते खोटं हाय व्हय?"

बाहेरच्या बायकांना ती मोठ्यानं म्हणाली की घेतला एकदाचा, सुटले मी. मग ती वळली आणि पायरीकडे गेली. भिंत धरली नाही. पाठ ताठ, पावलं एकापुढं एक, लग्न होऊन घरात आली होती तेव्हा चालायची तशी, त्याच गुर्मीत.

राजाक्काच्या पायांपासून डोक्यापर्यंत संताप चढला. ही भवानी वर्षभर सगळं ठाऊक असून शिव्या देत बसली होती. वर्षभर राजाक्काला तिचा राग करायची चोरी झाली होती. मनात जरा काही आलं की त्या मणक्याची भीती वाटायची. आता मणका भरून आला होता. आता मन मोकळं करून राग करायला कसलीही हरकत नव्हती. तिनं मान वर केली, कमरेवर हात ठेवले, आणि सासूच्या दिवसांपासून पोटात ठेवलेलं सगळं एका दमात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, पद्माच्या त्या ताठ पाठीला सुनवायला सुरुवात केली.